मोतीबिंदूची मोजदाद : जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातून गेलेला नेत्ररोग-संशोधनाचा इतिहास

आपल्या भागाचा इतिहास म्हटलं की जोडेघाट, निजामाची राजवट, जंगल-कायदे आणि १९५६ ची सरहद्द यांच्याभोवती आपण फिरतो. ते बरोबरच आहे. पण दवाखान्यांचा, आजारांचा आणि औषधोपचारांचाही एक इतिहास असतो आणि तो आपल्याकडे फारसा कुणी लिहिलेला नाही. त्यातला एक तुकडा या टिपणात मांडायचा आहे. विषय आहे डोळे. अख्ख्या देशाचं नेत्रविषयक धोरण बदलायला लावणारी एक मोठी पाहणी ज्या तीन ग्रामीण भागांत झाली, त्यातला एक आपला जुना आदिलाबाद जिल्हा होता. वांकिडीला, आसिफाबादला ही गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत आहे.

एक प्रश्न मनाशी ठेवून हा इतिहास बघू. डोळ्याचं आपरेशन झालं हे तर लिहिलं जातं. पण आपरेशननंतर त्या माणसाला दिसलं का, हे कोण लिहून ठेवतं?

बोलीत उरलेल्या खुणा

कागद नसले की आधी शब्द तपासावेत. आपल्याकडे जुनी माणसं "डोळा बनवला" म्हणतात. म्हणजे मोतीबिंदूचं आपरेशन केलं. "अजून पिकला नाही, पिकू द्या" हेही आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. बुबुळावर पांढरा डाग पडला की "फूल पडलं", पापणीच्या आतून खरखर असली की "खुपऱ्या", वय झाल्यावर वाचायला लागणारा चष्मा म्हणजे "चाळिशी". तेलुगूत मोतीबिंदूला "शुक्लालु" म्हणतात. आपल्या बाजारात दोन्ही शब्द चालतात.

यातला "पिकणं" हा शब्द इतिहासाच्या दृष्टीनं महत्त्वाचा. आज डॉक्टर पिकायची वाट बघत नाहीत. पण जुन्या पद्धतीत धोका मोठा होता आणि आपरेशननंतर मिळणारी नजरही फार चांगली नसे. म्हणून माणूस जवळजवळ आंधळा होईपर्यंत थांबणंच शहाणपणाचं होतं. ती पद्धत गेली, सल्ला मात्र उरला. आजही कित्येक म्हाताऱ्या बाया त्याच सल्ल्यापायी दोन-चार वर्षं अंधारात काढतात आणि पिकून फुगलेल्या मोतीबिंदूनं डोळ्यातला दाब वाढला तर नजर कायमची जाते.

सळईचा काळ

मोतीबिंदूवरच्या शस्त्रक्रियेचं जुनं वर्णन सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात आहे. तिथे या विकाराला लिंगनाश म्हटलंय आणि जवाच्या दाण्यासारख्या टोकाची सळई, म्हणजे यववक्त्रा शलाका, वापरायला सांगितलंय. पुढे अनेक शतकं गावोगाव फिरणारे लोक जी क्रिया करत ती याच कुळातली. डोळ्याच्या पांढऱ्या भागातून सुई घालायची आणि गढूळ झालेलं भिंग मागच्या पोकळीत खाली ढकलायचं. भिंग डोळ्यातच राहायचं, फक्त वाटेतून बाजूला व्हायचं.

उजेड मात्र लगेच दिसायचा. रोगी बोटं मोजून दाखवायचा, घरचे खूश व्हायचे, करणाऱ्याला पैसे-धान्य मिळायचं आणि तो पुढच्या गावी जायचा. त्रास सुरू व्हायचा नंतर: डोळा सुजणं, आतला दाब वाढणं, पू होणं. तोवर करणारा कुठल्या कुठे गेलेला असे. म्हणजे यश त्याच्या डोळ्यांसमोर घडायचं आणि अपयश त्याच्या पाठीमागे. तो लबाडच होता असं समजायचं कारण नाही. त्याला आपला निकाल कधी कळतच नव्हता.

युरोपातही अठराव्या शतकापर्यंत हेच चालत होतं. फ्रान्सच्या जाक दाविएलनं गढूळ भिंग डोळ्याबाहेर काढायची पद्धत आणली आणि १७५३ साली तिच्यावरचा त्याचा निबंध पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. भारतात सुईची क्रिया विसाव्या शतकातही सुरू होती. तिच्या परिणामांचा पद्धतशीर अभ्यास मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयाचे प्रमुख रॉबर्ट हेन्री इलियट यांनी केला. अशा रोग्यांच्या नोंदी त्यांनी जमवल्या, निकामी होऊन काढावे लागलेले डोळे प्रयोगशाळेत कापून तपासले आणि १९१७ मध्ये लंडनला त्यावर व्याख्यानं दिली. पुढे त्याचं पुस्तकही झालं.

इलियट यांचं काम मोलाचं आहे, पण त्यात एक अडचण दिसते. दवाखान्यात कोण येणार? ज्याचा डोळा बिघडला तो. ज्याला बरं दिसत होतं तो घरीच राहिला, त्याची नोंद नाही. उलट फिरत्या वैदूला फक्त पहिल्या दिवसाचा आनंद दिसला. दोघांकडेही अर्धंच चित्र. पूर्ण चित्र हवं असेल तर दवाखान्यात बसून चालत नाही, गावात जाऊन प्रत्येकाचे डोळे बघावे लागतात. हे व्हायला अजून बराच काळ जायचा होता.

तंजावरचे कागद

इथे एक मराठी संदर्भ सांगायलाच हवा. तंजावरचे दुसरे सरफोजी राजे भोसले १७९८ ते १८३२ या काळात गादीवर होते. सरस्वती महाल ग्रंथालयामुळे आपल्याला त्यांचं नाव ठाऊक असतं. त्यांनी धन्वंतरी महाल नावाची औषधशाळाही चालवली आणि तिथे देशी व युरोपीय दोन्ही उपचार होत. त्याच ग्रंथालयात डोळ्याच्या रोग्यांच्या हस्तलिखित नोंदी सापडल्या आहेत. रोग्याची तक्रार, डोळ्याची अवस्था, केलेली शस्त्रक्रिया, नंतरची प्रगती असं सारं त्यात टिपलेलं आहे आणि सोबत डोळ्यांची रंगीत चित्रं आहेत. मॅकबीन नावाच्या युरोपीय डॉक्टरची मदत या कामात होती. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातल्या डॉक्टरांनी या कागदांचा अभ्यास करून ते नेत्रवैद्यांच्या नियतकालिकात मांडले.

दोनशे वर्षांपूर्वी एका मराठी दरबारात "आपरेशननंतर काय झालं" हे लिहून ठेवण्याची शिस्त होती, एवढं त्यावरून नक्की दिसतं. राजाचा खजिना मागे होता म्हणून ती जमली असेल. पण जमली.

शिबिरांचा जमाना

आता आपल्या काळाजवळ येऊ. स्वातंत्र्यानंतर डोळ्याचे डॉक्टर शहरात आणि आंधळी माणसं खेड्यात, अशी स्थिती होती. त्यावर उपाय निघाला शिबिराचा. कर्नाटकाचे डॉ. एम. सी. मोदी यांच्यासारख्यांनी गावोगाव शिबिरं घेऊन प्रचंड संख्येनं आपरेशनं केली. शाळा, धर्मशाळा, मंगल कार्यालय, कुठेही खाटा टाकायच्या. रोग्याच्या दोन्ही डोळ्यांना पट्टी, हलायचं नाही, घरचं एक माणूस उशाशी.

तेव्हाच्या पद्धतीत भिंग त्याच्या पिशवीसकट काढलं जाई आणि डोळ्यात दुसरं काही बसवलं जात नसे. म्हणून नंतर जाड भिंगाचा चष्मा लागे, साधारण दहा नंबरचा. त्यातून वस्तू पाव-एक पट मोठ्या दिसतात, कडेचं दिसत नाही, पायरीचा अंदाज चुकतो. एका डोळ्याचं आपरेशन झालं आणि दुसरा चांगला असला तर दोन चित्रं जुळतच नाहीत. आणि चष्मा फुटला की माणूस परत आंधळा. शेतात, बैलामागे, मोहफुलं वेचताना असला चष्मा किती दिवस टिकणार? आपरेशन यशस्वी, माणूस मात्र आंधळाच, असं म्हणूनच घडायचं.

यावरचा उपाय खरं तर १९४९ मध्येच निघाला होता. युद्धातल्या वैमानिकांच्या डोळ्यात विमानाच्या काचेचे, म्हणजे अॅक्रिलिकचे, कण गेले तरी डोळा ते सहन करतो, हे लंडनच्या हॅरॉल्ड रिडली यांनी पाहिलं होतं. त्यावरून त्याच पदार्थाचं कृत्रिम भिंग त्यांनी डोळ्यात बसवलं. पण आपल्याकडच्या गरिबापर्यंत ते यायला चाळीस-पन्नास वर्षं गेली. स्वस्त भिंगं देशात तयार होऊ लागली तेव्हाच ते शक्य झालं.

सरकारनं १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीनं सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प चालला. त्यात आंध्र प्रदेश होता आणि महाराष्ट्रही होता. म्हणजे सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना एकच मोहीम. त्या वेळी जिल्ह्याचं उद्दिष्ट ठरायचं ते आपरेशनांच्या आकड्यात. किती डोळे केले, हा हिशेब वर जायचा. किती जणांना दिसलं, हा रकाना कुणी फारसा मागत नसे.

आकड्यांच्या घाईची किंमत कधी कधी भयंकर असे. उत्तर प्रदेशातल्या खुर्जा इथे १९८६ च्या शिबिरात जंतुसंसर्ग होऊन ८४ जणांचे डोळे कायमचे गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८९ च्या निकालात न्यायालयानं शिबिरांच्या नियमांवर कडक भाष्य केलं. पुढे हळूहळू तंबूतली आपरेशनं बंद पडत गेली आणि "तपासणी गावात, आपरेशन दवाखान्यात" ही रीत रुळली. शिबिरं वाईट होती असा याचा अर्थ नाही. आपल्या शेजारच्या वरोऱ्याला, आनंदवनात, डॉ. तात्याराव लहाने यांनी वर्षानुवर्षं नेत्रशिबिरं घेतली आणि विदर्भातल्या असंख्य गोरगरिबांना, कुष्ठरुग्णांना नजर मिळाली. मुद्दा शिबिराचा नाही, हिशेबाचा आहे.

मुधोळ, १९९६

जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, बासरजवळ, मुधोळ आहे. १९५६ च्या पुनर्रचनेत आपल्या जिल्ह्यातला राजुरा तालुका मराठी मुलखात गेला आणि नांदेडचा मुधोळ तालुका आपल्याकडे आला. त्यामुळे मुधोळला मराठी घरंदारं भरपूर. आज ते निर्मल जिल्ह्यात आहे, आपण कोमरम भीम आसिफाबादमध्ये. पण १९९६ साली दोघांचा जिल्हा एकच होता.

हैदराबादला डॉ. गुल्लापल्ली नागेश्वर राव यांनी उभी केलेली एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था १९८७ पासून चालू होती. सिनेमावाले एल. व्ही. प्रसाद यांनी जागा आणि पैसा दिला म्हणून त्यांचं नाव. या संस्थेनं शहराबाहेरचं आपलं पहिलं ग्रामीण नेत्र रुग्णालय १९९६ मध्ये काढलं ते मुधोळला : भोसले गोपाळराव पटेल नेत्र केंद्र. शिबिर येतं आणि जातं, पण हा दवाखाना तिथेच राहणार होता. आपरेशन करणारा डॉक्टर पुढच्या महिन्यात रोग्याला परत भेटणार होता. सळईवाल्याच्या काळापासूनची जी उणीव, ती इथे भरून निघत होती.

त्याच वर्षी संस्थेनं आणखी एक काम हाती घेतलं : आंध्र प्रदेश नेत्ररोग पाहणी. डॉ. ललित दांडोना आणि त्यांचे सहकारी तिचे प्रमुख संशोधक. १९९६ ते २००० या काळात चार ठिकाणी ती झाली : हैदराबाद शहर, आणि पश्चिम गोदावरी, महबूबनगर व आदिलाबाद हे तीन जिल्हे. डेल्ट्याचा सुपीक प्रदेश, दुष्काळी पठार आणि आपला जंगल-डोंगराचा मुलूख, असे तीन वेगळे नमुने त्यात आले.

पाहणीची रीत समजून घेण्यासारखी आहे. दवाखान्यात आलेले रोगी मोजायचे नाहीत. चिठ्ठ्या टाकल्यासारखी वस्त्यांची निवड करायची, त्या वस्त्यांत घरं निवडायची आणि त्या घरांतल्या लोकांना, मग ते तान्हं मूल असो की नव्वदीची आजी, तपासणीला बोलवायचं. एकूण ९४ वस्त्या होत्या. ११,७८६ जणांना बोलावणं होतं, त्यातले १०,२९३ आले. शंभरात सत्त्याऐंशी. जे आले त्यांना गाडीनं तपासणी केंद्रावर नेलं. जे अंथरुणाला खिळलेले होते त्यांच्या घरी यंत्रं नेली. नुसती अक्षरं वाचून घेतली नाहीत, तर चष्म्याचा नंबर, डोळ्यातला दाब, बाहुली मोठी करून मागचा पडदा, गरज असेल तिथे नजरेचं क्षेत्र, सगळं पाहिलं. ज्याला आपण बरा आहे असं वाटतं त्याचाही डोळा पाहिला, आणि आधी आपरेशन झालेल्याचाही. इलियट यांच्याकडे नसलेली बाजू इथे पहिल्यांदा वहीत आली.

काय निघालं

निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून जे अक्षर वाचता येतं ते सहा मीटरवरूनही न दिसणं, किंवा नजरेचं क्षेत्र अगदी अरुंद होणं, याला या पाहणीत अंधत्व धरलं. चांगल्या डोळ्याची ही गत असेल तरच माणूस आंधळा मोजला. त्या हिशेबानं राज्यात अंधत्वाचं प्रमाण १.८४ टक्के निघालं. २००१ ची राज्याची लोकसंख्या साडेसात कोटींच्या वर होती, म्हणजे ही संख्या चौदा लाखांच्या घरात जाते.

त्याहून महत्त्वाची कारणं. १९८६-८९ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या अंधत्वाचा ८० टक्के वाटा एकट्या मोतीबिंदूचा धरला होता आणि सगळं धोरण त्यावर उभं होतं. इथे मोतीबिंदूचा वाटा ४४ टक्के निघाला. नंतर होता चष्म्याचा नंबर : १६.३ टक्के. म्हणजे शंभर आंधळ्यांपैकी सोळांना कुठलंही आपरेशन नको होतं, योग्य चष्मा हवा होता. आपरेशन झालेल्या पण जाड भिंगाचा चष्मा नसलेल्या लोकांचा हिस्साही यातच येतो. उरलेल्यांत बुबुळाचे आजार, काचबिंदू, पडद्याचे विकार आणि आपरेशनमुळे झालेलं नुकसान. हैदराबाद शहरात तर मोतीबिंदूचा वाटा ३० टक्क्यांच्या आसपासच होता. त्यावरचा निबंध १९९८ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. केवळ मोतीबिंदूवर भर देणारं धोरण पुरेसं आहे का, असा सरळ सवाल त्यात विचारला होता.

आणखी दोन गोष्टी बोचणाऱ्या होत्या. एक, शहरात मोतीबिंदूचं आपरेशन झालेल्या दर पाच डोळ्यांतला साधारण एक डोळा आपरेशननंतरही अंधत्वाच्या रेषेखाली होता. सरकारी वहीत तो "यशस्वी उद्दिष्ट" म्हणून जमा होता. दुसरी, अंधत्व सगळ्यांना सारखं वाटलेलं नव्हतं. वय वाढेल तसं ते वाढणारच. पण पुरुषांपेक्षा बायकांत, सुखवस्तूंपेक्षा गरिबांत आणि शहरापेक्षा खेड्यात ते जास्त होतं. आपल्याला हे पाहणीशिवायही ठाऊक होतं असं कुणी म्हणेल. "म्हातारीला आता काय बघायचंय" हे वाक्य कुठल्या घरात ऐकू येत नाही? पण ठाऊक असणं वेगळं आणि आकड्यात मांडून सरकारपुढे ठेवणं वेगळं.

पाहणी तिथेच संपली नाही. २०१२ ते २०१६ मध्ये संशोधक त्याच ग्रामीण वस्त्यांत परत आले आणि पूर्वी तपासलेल्या माणसांचा शोध घेतला. मधल्या काळात गेलेल्यांचा हिशेब मांडला तेव्हा दिसलं, की ज्यांची नजर अधू होती त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. आंधळी म्हातारी लवकर जाते. पडते, खात नाही, दवाखान्यात जात नाही. डोळा हा नुसता बघण्याचा प्रश्न नाही, तो जगण्याचा आहे.

उत्तरेला नागपूर

सरहद्दीच्या पलीकडेही असंच एक काम झालं. नागपूरच्या सूरज नेत्रसंस्थेचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे डॉ. योस्ट योनास यांनी २००६ ते २००८ मध्ये नागपूरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवरच्या खेड्यांत मध्य भारत नेत्र व आरोग्य पाहणी केली. तिशीपुढच्या ४,७११ जणांची त्यात तपासणी झाली. शेतात राबणारी, बहुतांश मराठी बोलणारी माणसं. त्यांच्या डोळ्यांची मापं आज जगभरच्या नेत्रशास्त्राच्या निबंधांत वापरली जातात. म्हणजे वांकिडीच्या पश्चिमेला मुधोळ आणि उत्तरेला नागपूर, या दोन्हींच्या मध्ये आपण आहोत. आपली माणसं आजही डोळ्यांसाठी दोन्हीकडे जातात : कुणी चंद्रपूर-नागपूर-सेवाग्राम, कुणी कागजनगर-मंचेरियाल-हैदराबाद. भाषा आणि नातेवाईक जिकडे, तिकडे पाय वळतात.

आपल्यापुरतं

या पाहणीनंतर काय बदललं? हैदराबादच्या संस्थेनं पिरॅमिडसारखी रचना उभी केली : पन्नास हजार लोकांमागे एक दृष्टी केंद्र, पाच लाखांमागे मुधोळसारखा दवाखाना, त्यावर मोठी रुग्णालयं. राष्ट्रीय कार्यक्रमातही मोतीबिंदूच्या जोडीला चष्मे, काचबिंदू, मधुमेहामुळे होणारे पडद्याचे आजार आले. तेलंगणा सरकारनं १५ ऑगस्ट २०१८ ला "कंटी वेलुगु", म्हणजे डोळ्यांचा उजेड, ही योजना सुरू केली आणि जानेवारी २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा झाला. गावागावात तपासणी झाली आणि चष्मे वाटले गेले. शंभरात सोळा आंधळ्यांना फक्त चष्मा हवा, या जुन्या आकड्याची आठवण ठेवून त्या योजनेकडे पाहिलं की तिचा अर्थ नीट लागतो.

पण जुना प्रश्न अजून सुटलेला नाही. तपासले किती, चष्मे किती, आपरेशनं किती, हे फलकावर येतं. तो चष्मा सहा महिन्यांनी नाकावर आहे की फडताळात, हे फलकावर येत नाही.

इथे आपल्यासारख्या मंडळांना एक काम आहे. घरोघरी जुनी आपरेशनची कार्डं, शिबिराच्या चिठ्ठ्या, जाड भिंगाचे चष्मे पडलेले असतात. म्हातारं माणूस गेलं की ते कचऱ्यात जातात. ते जपावेत. कार्डावर तारीख असते, ठिकाण असतं, कोणता डोळा आणि कोणती पद्धत हे असतं. माणसाचं नाव झाकून एवढं जरी उतरवून घेतलं तरी वांकिडी, केरामेरी, आसिफाबाद, जैनूर या पट्ट्यात डोळ्यांचा इलाज केव्हा, कुठून आणि कसा आला याचा नकाशा तयार होईल. गोंड आणि कोलाम वस्त्यांतलं तर बहुधा काहीच कागदावर नसेल. तिथे बसून ऐकावं लागेल, गोंडी येणाऱ्याला सोबत घ्यावं लागेल.

आणि ऐकताना एक प्रश्न न विसरता विचारावा : "आपरेशन झालं ना, मग नंतर दिसलं का?" तंजावरच्या कागदांत त्याचं उत्तर आहे, मुधोळच्या वह्यांत आहे. आपल्या गावांपुरतं ते अजून माणसांच्या तोंडीच आहे, आणि ती माणसं सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.